मूठ ओली, मूठ कोरडी

शाळेत घर्षणाचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर साधारणपणे तीन वाक्ये लिहितो. घर्षणबल हे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ज्या बलाने दाबले जातात त्याच्या प्रमाणात असते. ते स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. आणि पृष्ठभाग जितका खडबडीत, तितके घर्षण जास्त. पहिली दोन वाक्ये परीक्षेत विचारली जातात. तिसरे इतके उघड वाटते की त्याचा पुरावा कोणी मागत नाही.

आता शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या सायकलींच्या मुठी पाहा. काही टणक प्लास्टिकच्या आणि गुळगुळीत असतात, काही मऊ रबराच्या. कोणावर आडव्या कडा असतात, कोणावर चौकटी, कोणावर बारीक बोंडे. डोंगरवाटांवर सायकल चालवणारे लोक तर ओल्या आणि कोरड्या वाटांसाठी वेगवेगळ्या मुठी निवडतात. क्षेत्रफळाचा संबंधच नसेल, तर मूठ मऊ की टणक याने फरक का पडावा? आणि खडबडीतपणा हेच सर्व काही असेल, तर कोरड्या हाताला मऊ आणि जवळजवळ सपाट रबर इतके घट्ट का धरते? या साध्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळायला विज्ञानाला अडीचशेहून अधिक वर्षे लागली. त्या वाटचालीची ही हकिकत आहे.

एकच सायकल, दोन ऋतू

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांच्या टापूत जांभूळ हे गाव आहे. बारवी धरणाचे पाणी येथील केंद्रात शुद्ध होऊन आसपासच्या औद्योगिक वसाहतींकडे जाते. या परिसरात सायकल चालवणाऱ्याला वर्षातून दोन अगदी भिन्न परिस्थितींना तोंड द्यावे लागते. मार्च ते मे या काळात मुरमाची बारीक धूळ उडते आणि दमट उकाड्याने तळवे घामेजतात. जून ते सप्टेंबर या काळात हँडलवरून पाणी ओघळते आणि हाताला चिखल असतो. सायकल तीच, हात तोच, मूठही तीच. पण खड्ड्यात चाक आदळले की मे महिन्यात जी मूठ हातात राहते, तीच जुलैमध्ये निसटू पाहते. उतारावर हात निसटणे म्हणजे हँडल आणि ब्रेक दोन्ही एकाच वेळी गमावणे. त्यामुळे हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

"पाणी वंगणासारखे काम करते," असे उत्तर विद्यार्थी लगेच देतील. ते बरोबर आहे, पण अर्धेच. कारण शेतावर कुदळ किंवा कुऱ्हाड चालवणारा माणूस काम सुरू करण्यापूर्वी तळहातावर थुंकून हात चोळतो आणि मग दांडा धरतो. पाणी हे नुसते वंगण असते, तर या सवयीने दांडा निसटला असता. प्रत्यक्षात किंचित ओलसर हात कोरड्या हातापेक्षा अधिक घट्ट धरतो आणि निथळणारा हात दोघांपेक्षा वाईट धरतो. म्हणजे ओलावा वाढत गेला की पकड आधी वाढते आणि मग घटते. फळ्यावरच्या तीन वाक्यांत याचे उत्तर कोठेही नाही.

नियम कसे ठरले

घर्षणाचे पहिले पद्धतशीर प्रयोग लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस केले. ठोकळा आडवा ठेवला काय किंवा उभा ठेवला काय, तो ओढायला लागणारे बल तेवढेच असते, हे त्याने टिपून ठेवले होते. पण ती टिपणे त्याच्या वह्यांतच राहिली. १६९९ मध्ये ग्वीयोम आमाँताँ याने फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे हेच नियम स्वतंत्रपणे मांडले. त्याने तांबे, लोखंड, शिसे आणि लाकूड यांवर प्रयोग केले आणि विशेष म्हणजे त्या पृष्ठभागांना डुकराची चरबी लावलेली होती. पुढे १७८५ मध्ये शार्ल कूलाँबचा विस्तृत प्रबंध प्रसिद्ध झाला आणि त्याने हे नियम पक्के केले. विद्युतभारांच्या नियमामुळे आपल्याला ठाऊक असलेला कूलाँब तो हाच.

घर्षण होते कशामुळे, याबद्दल या दोघांचे चित्र साधे होते. पृष्ठभागांवर सूक्ष्म टेकड्या असतात, त्या एकमेकींत अडकतात आणि वस्तू सरकवताना एका टेकडीला दुसरीवर चढावे लागते. आपले तिसरे वाक्य याच चित्रातून आलेले आहे.

याच काळात एक वेगळा पुरावाही पुढे आला होता. १७२४ मध्ये जॉन देझाग्युलिये याने शिशाच्या दोन गोळ्यांचे थोडे भाग कापून टाकले आणि ते ताजे काप एकमेकांवर पिळून दाबले. गोळे इतके घट्ट चिकटले की ते ओढून वेगळे करायला बरेच वजन लागले. पदार्थांचे कण जवळ आले की एकमेकांना धरून ठेवतात, हे यातून दिसत होते. मग घर्षण हे चिकटण्यातूनच का येऊ नये? या कल्पनेवर आक्षेपही तितकाच सरळ होता. चिकटणे स्पर्शाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असायला हवे आणि घर्षण तर क्षेत्रफळावर अवलंबून नाही. या आक्षेपामुळे ही कल्पना बराच काळ बाजूला पडली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे नियम ज्या पदार्थांवर ठरले त्यांत रबर नव्हते.

मुठीत रबर येते

१८१७ मध्ये कार्ल ड्राइस या जर्मन गृहस्थाने दोन चाकांचे लाकडी वाहन तयार केले. पायांनी जमीन ढकलत ते चालवायचे. १८६० नंतरच्या दशकात त्याला पॅडल आले, मग उंच पुढच्या चाकाच्या सायकली आल्या आणि शतकाच्या अखेरीस आजच्यासारखी साखळीची सायकल रूढ झाली. या काळातल्या मुठी लाकडाच्या, शिंगाच्या, चामड्याच्या किंवा बुचाच्या असत. बूच ही त्यांतली शहाणपणाची निवड म्हणावी लागेल. त्याच्या बंद पेशींत हवा असते, त्यामुळे ते किंचित दबते, हलके असते आणि पाणी फारसे शोषत नाही.

रबर मात्र सुरुवातीला कामाचे नव्हते. झाडाच्या चिकापासून मिळणारे कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत ताठरते. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला आढळले की रबरात गंधक मिसळून तापवले की ते ऊन आणि थंडी दोन्ही सोसते. गंधकाचे अणू रबराच्या लांबलचक रेणूंना जागोजागी टाके घालतात, त्यामुळे ते एकमेकांवरून कायमचे घसरत नाहीत. या प्रक्रियेला आपण व्हल्कनीकरण म्हणतो. टाके थोडे असतील तर रबर मऊ आणि लवचीक राहते, पुष्कळ असतील तर एबोनाइटसारखे कठीण होते. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप याने सायकलीसाठी हवा भरलेले रबरी टायर केले. त्यानंतर टायरसाठी रबराचा जो अभ्यास झाला, त्यातूनच मुठीच्या प्रश्नालाही उत्तर मिळाले.

खरा स्पर्श किती?

विसाव्या शतकात फ्रँक बाउडन आणि डेव्हिड टेबर या शास्त्रज्ञांनी जुना आक्षेप नव्याने तपासला. त्यांचे 'घन पदार्थांचे घर्षण आणि वंगण' या विषयावरील प्रसिद्ध पुस्तक १९५० मध्ये निघाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. टेबलावर ठेवलेला ठोकळा आपल्याला पूर्ण तळाने टेकलेला दिसतो, पण प्रत्यक्षात तो काही सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवरच टेकलेला असतो. खऱ्या स्पर्शाचे क्षेत्रफळ दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा अत्यल्प भाग असते. वजन वाढवले की ही टोके दबतात आणि खरा स्पर्श वजनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून असतेच, पण दिसणाऱ्या नव्हे, तर खऱ्या क्षेत्रफळावर. देझाग्युलियेच्या चिकटलेल्या गोळ्यांना दोन शतकांनी न्याय मिळाला आणि आमाँताँचा नियमही शाबूत राहिला.

रबराची गोष्ट याहून निराळी आहे. ते मऊ असल्यामुळे थोड्याच दाबाने समोरच्या पृष्ठभागाच्या खाचाखोचांत शिरते आणि खरा स्पर्श मुळातच मोठा असतो. दाब आणखी वाढवला तर तो वाढतो, पण दाबाच्या प्रमाणात नाही. इंग्लंडमधील रबर संशोधन संस्थेत काम करणाऱ्या आडोल्फ शालामाख यांनी १९५२ मध्ये दाखवले की रबराचा घर्षणांक दाब वाढला की कमी होतो. ज्या घर्षणांकाला आपण पदार्थांच्या जोडीचा स्थिरांक म्हणतो, तो येथे स्थिर नाही. तो एकापेक्षा मोठाही असू शकतो. म्हणून तेवढाच दाब मोठ्या क्षेत्रावर पसरला तर रबराची पकड वाढते. मुठीच्या बाबतीत क्षेत्रफळ महत्त्वाचे ठरते ते यामुळे.

कोरड्या हाताला सपाट, मऊ रबर का धरते, याचे उत्तर आता मिळाले. तेथे खरा स्पर्श सर्वांत जास्त असतो. खोल नक्षी काढली की उलट स्पर्शाची जागा कमी होते.

ओल्या रबराचे कोडे

पाण्याचा थर हात आणि रबर यांच्यामध्ये आला की दोघांचे पृष्ठभाग एकमेकांना टेकत नाहीत. चिकटण्यातून येणारी पकड जवळजवळ संपते. मग पावसात पकड शून्य का होत नाही?

१९५८ मध्ये ग्रीनवुड आणि टेबर यांनी यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी रबराला चांगले वंगण लावून त्यावरून कठीण गोळा घसरवत नेला. वंगणामुळे चिकटणे जवळपास नाहीसे झाले होते, तरी गोळ्याला विरोध होत होता. हा विरोध गोळा रबरावरून गडगडत नेताना होणाऱ्या विरोधाएवढाच निघाला. गडगडणाऱ्या गोळ्याचे पृष्ठभागावर घासणे नगण्य असते. तेव्हा विरोध कोठून येत होता? गोळा पुढे जाताना समोरचे रबर दाबतो आणि मागचे रबर पुन्हा वर येऊन त्याला ढकलते. पण दाबताना खर्च केलेली सर्व ऊर्जा परत मिळत नाही. काही भाग रबराच्या आतच उष्णतेत जातो. गोळ्याला जाणवणारा विरोध म्हणजे ही न परतलेली ऊर्जा. गोळ्याऐवजी टोकदार शंकू वापरला तर रबर अधिक तीव्रतेने दबते आणि विरोध वाढतो.

म्हणजे रबराची पकड दोन खात्यांतून येते. एक खाते चिकटण्याचे, दुसरे आकार बदलताना वाया जाणाऱ्या ऊर्जेचे. पाणी पहिले खाते रिकामे करते, पण दुसऱ्याला फारसा धक्का लावत नाही. हे कळल्यावर टायर बनवणाऱ्यांनी ओल्या रस्त्यासाठी मुद्दाम कमी उसळणारे रबर वापरायला सुरुवात केली. १९६३ मध्ये ग्रॉश यांनी रबराचे घर्षण वेगानुसार आणि तापमानानुसार कसे बदलते हे मोजून दोन्ही खात्यांचे चित्र अधिक स्पष्ट केले.

तळव्याची बाजू

टायर आणि मूठ यांत एक फरक आहे. टायर मऊ आणि रस्ता कठीण असतो. मुठीच्या बाबतीत दोन्ही बाजू मऊ असतात, कारण एका बाजूला आपली त्वचा असते. तळव्याची कातडी पूर्ण कोरडी असताना ताठ असते आणि खरा स्पर्श कमी असतो. थोडा ओलावा मिळाला की तिचा वरचा थर मऊ होतो, दांड्याला अधिक जागी टेकतो आणि पकड वाढते. पाणी याहून वाढले की मध्ये थर साचतो आणि पकड घटते. थुंकून हात चोळणाऱ्या कष्टकऱ्याने या आलेखाचे शिखर अनुभवाने शोधलेले असते.

बोटांवरच्या रेषा पकड वाढवतात, अशी आपली समजूत असते. २००९ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी गुळगुळीत प्लास्टिकवर मोजमाप केले तेव्हा उलटेच दिसले. रेषांमुळे खरा स्पर्श कमीच होतो. या रेषांतून पाणी निघून जात असावे, असा एक तर्क आहे. पाण्यात बराच वेळ राहिल्यावर बोटांना सुरकुत्या पडतात. त्या त्वचा फुगल्यामुळे पडतात असे पूर्वी मानत, पण बोटाची नस निकामी झाली असेल तर सुरकुत्या पडत नाहीत, हे १९३० नंतरच्या दशकातच नोंदले गेले होते. २०१३ मध्ये न्यूकॅसल येथील प्रयोगात सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या वस्तू अधिक लवकर हाताळता आल्या. २०१४ मध्ये दुसऱ्या एका गटाला असा फायदा दिसला नाही. २०२१ च्या एका अभ्यासात मात्र ओल्या वस्तू धरायला सुरकुतलेल्या बोटांना कमी बल लागले. हा वाद विद्यार्थ्यांना जरूर सांगावा. विज्ञान चालू असताना कसे दिसते, हे त्यातून कळते.

पकड कमी झाली की माणूस काय करतो? तो अधिक जोराने आवळतो. मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल लावतात. तेथे घर्षणांक कमी असतो आणि खेळाडू मांड्यांच्या व दंडाच्या दाबाने ती उणीव भरून काढतो. पहिला नियम येथे नेमका कामी येतो. सायकलस्वार हेच नकळत करतो. समजा, धक्क्यामुळे हात मुठीवरून बाहेर सरकवणारे बल ६० न्यूटन आहे. घर्षणांक १ असेल तर ६० न्यूटन दाब पुरेल. तो ०.३ वर आला तर २०० न्यूटन दाब लागेल. रबराचा घर्षणांक दाबाबरोबर घटतो हे लक्षात घेतले, तर प्रत्यक्षात याहूनही जास्त. अर्ध्या तासात मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू भरून येतात आणि ब्रेक दाबायला बोटांत ताकद उरत नाही.

मग मूठ कशी निवडावी?

डोंगरी सायकलींचा खेळ १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वाढला. जुन्या दणकट सायकली दुरुस्त करून तरुण मंडळी डोंगरउतारावरून शर्यती लावीत. त्या सायकलींना मोटारसायकलींचे ब्रेकचे दांडे बसवले जात. पुढे मुठींचेही अनेक प्रकार निघाले. आपल्याकडे मुले ज्यांना 'एमटीबी' किंवा 'रेंजर' म्हणतात, त्या सायकली याच घराण्यातल्या. वरील दोन खाती मनात ठेवली तर मुठीची निवड अवघड नाही.

कोरड्या दिवसांसाठी मऊ रबराची, उथळ नक्षीची मूठ उत्तम. तिच्यात चिकटण्याचे खाते भरलेले असते आणि धक्केही कमी बसतात. मात्र मऊ रबर लवकर झिजते. पावसासाठी स्पष्ट कडांची आणि त्यांच्यामध्ये मोकळ्या खाचांची मूठ हवी. कडा तळव्यात रुततात आणि दुसरे खाते चालू राहते. खाचांतून पाणी बाहेर पडते, त्यामुळे कडांच्या माथ्यावर थोडा कोरडा स्पर्शही उरतो. खाचा फार अरुंद असतील तर जांभूळसारख्या भागातल्या चिखलाने त्या बुजतात आणि नक्षी असून नसल्यासारखी होते. उघड्या छिद्रांचा स्पंज पाणी पिऊन बसतो, म्हणून तो टाळावा. टणक, गुळगुळीत प्लास्टिकच्या मुठीत दोन्ही खाती तोकडी असतात. मुलांच्या पुष्कळ सायकलींना नेमकी तीच असते.

घसरण्याची आणखी एक जागा आपण विसरतो. हात आणि मूठ यांच्याइतकीच मूठ आणि हँडलची नळी यांच्यातही पकड लागते. रबरी मूठ बसवताना आत साबणाचे पाणी लावले की ती सहज सरकते आणि पाणी वाळले की घट्ट बसते. पावसात पाणी पुन्हा आत शिरले तर ती अचानक फिरू लागते. यावर उपाय म्हणून टोकांना स्क्रूने आवळणारी कडी असलेल्या मुठी निघाल्या. साध्या मुठीचे टोक बंद आणि अखंड आहे एवढे तरी पाहावे. फाटलेल्या टोकातून पाणी शिरते आणि उघडी पडलेली नळी पडल्यावर पोटात लागते. मुठी रॉकेलने पुसू नयेत. तेलाने रबर फुगते आणि कमकुवत होते. साबणाने धुऊन साबणाचा अंश पूर्ण काढून टाकावा.

वर्गात करून पाहा

लाकडाच्या एका चपट्या ठोकळ्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. काचेची पट्टी आणि खडबडीत पॉलिश पेपर लावलेली फळी घ्या. पॉलिश पेपर पाण्यात चालणारा असावा. फळी हळूहळू उचलून ठोकळा कोणत्या कोनाला घसरतो ते कोनमापकाने पाहा. त्या कोनाची स्पर्शज्या, म्हणजेच टॅन, हा घर्षणांक. कोन ४५ अंशांपलीकडे गेला तर घर्षणांक एकापेक्षा मोठा आहे. आता दोन्ही पृष्ठभागांवर साबणाचे पाणी टाकून प्रयोग पुन्हा करा. कोरड्या आणि ओल्या काचेवरचा फरक, तसेच ओली काच आणि ओला पॉलिश पेपर यांतला फरक मुलांना तक्त्यात मांडायला सांगा. दोन खाती त्यांना स्वतःच्या आकड्यांत दिसतील. नंतर ठोकळ्याचे वजन बदला, ट्यूबचा तुकडा लहान करा आणि कोन बदलतो का ते पाहा. तुलनेसाठी ट्यूब नसलेला नुसता लाकडी ठोकळाही वापरा.

एखादा विद्यार्थी म्हणेल, "मग पुस्तकातला नियम चुकीचा आहे का?" त्याला सांगावे की नियम चुकीचा नाही, त्याची एक हद्द आहे. लाकूड, लोखंड आणि दगड यांच्या मुलखात तो आजही उत्तम चालतो. रबर आणि कातडी यांच्या मुलखात तो अपुरा पडतो. ही हद्द कोठे आहे हे तक्ता भरता भरता त्याला स्वतःला सापडले, तर घर्षणाचा पाठ पूर्ण झाला असे समजावे. आणि त्याच तासाला मुलांना आपापल्या सायकलींच्या मुठी तपासायला बाहेर पाठवले, तर पहिल्या पावसाआधी दोन-चार गुळगुळीत, फाटलेल्या मुठी नक्की बदलल्या जातील.